वळिवडे : एका खेड्याच्या इतिहासातील दोन निर्वासित वसाहती

प्रस्तावना

खेड्याचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची नजर सामान्यतः ग्रामदैवत, वतनदार घराणी, शिलालेख, वीरगळ, गढी आणि पाणवठे यांच्याकडे जाते. कोल्हापूर जिल्ह्याच्या बाबतीत ही दिशा साहजिकच आहे. शिलाहार व यादव काळातील मंदिरे, पन्हाळ्यासारखे दुर्ग आणि करवीर संस्थानची राजकीय परंपरा यांमुळे येथील स्थानिक इतिहासलेखनाला मुबलक सामग्री लाभली आहे. मात्र ज्या गावाजवळ भव्य मंदिर नाही, गढी नाही, आणि ज्याचे नाव एखाद्या लढाईशी जोडलेले नाही, अशा गावाचा वारसा कशात शोधावयाचा, हा प्रश्न उरतोच. करवीर तालुक्यातील वळिवडे हे गाव या प्रश्नाचे एक वेगळे उत्तर देते.

कोल्हापूर शहराच्या पूर्वेस, पंचगंगेच्या खोऱ्यात, मिरज मार्गावरील लोहमार्गालगत वसलेले हे गाव विसाव्या शतकाच्या मध्यास जागतिक घडामोडींच्या प्रवाहात ओढले गेले. १९४३ ते १९४८ या काळात येथे पोलंडमधील सुमारे पाच हजार निर्वासितांची वसाहत होती. ती रिकामी होत असतानाच देशाची फाळणी झाली आणि सिंधमधून विस्थापित झालेल्या कुटुंबांना त्याच बराकींतून आश्रय मिळाला. त्यातूनच आजचे गांधीनगर उभे राहिले. प्रस्तुत लेखात या दोन्ही वसाहतींचा परामर्श घेऊन वळिवड्याच्या वारशाचे स्वरूप तपासण्याचा, तसेच या विषयासंबंधी लोकमानसात रूढ झालेल्या काही समजुतींची छाननी करण्याचा प्रयत्न केला आहे.

भौगोलिक व ऐतिहासिक पार्श्वभूमी

वळिवडे हे पंचगंगाकाठच्या काळ्या कसदार जमिनीतील शेतीप्रधान गाव होय. उसाची शेती आणि गुऱ्हाळे ही या परिसराची जुनी ओळख. कोल्हापूर शहर जवळ असल्यामुळे शेतमालाला, दूधदुभत्याला व भाजीपाल्याला हक्काची बाजारपेठ होती. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर हा मीटर गेज लोहमार्ग सुरू झाला आणि नदीकाठचा हा पट्टा मिरजमार्गे मुंबई, पुणे व दक्षिणेकडील प्रदेशाशी जोडला गेला. वळिवड्याच्या पुढील इतिहासात या लोहमार्गाचे महत्त्व विशेष आहे. हजारो माणसांना आणून वसवावयाचे, त्यांना धान्य व औषधे पुरवावयाची आणि काही वर्षांनी तितक्याच माणसांना बंदराकडे रवाना करावयाचे, तर लोहमार्ग, पाणी आणि शहराचे सान्निध्य या तीन गोष्टी आवश्यक होत्या. वळिवड्यास त्या तिन्ही उपलब्ध होत्या.

राजकीयदृष्ट्या हा काळ करवीर संस्थानात संक्रमणाचा होता. छत्रपती राजाराम महाराजांचे १९४० मध्ये निधन झाले. त्यांना पुत्र नसल्यामुळे बाल शिवाजी महाराजांना दत्तक घेण्यात आले आणि महाराणी ताराबाई यांच्या रीजन्सीखाली कारभार चालू राहिला. संस्थानच्या कारभारावर ब्रिटिश सत्तेची देखरेख होती. दुसरीकडे १९३९ मध्ये स्थापन झालेल्या प्रजापरिषदेच्या माध्यमातून संस्थानी प्रजा जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करीत होती. शेजारच्या सातारा जिल्ह्यात १९४२ च्या आंदोलनातून प्रतिसरकारचा उदय झाला होता. युद्धामुळे महागाई व धान्यटंचाई यांचे चटके सर्वत्र बसत होते. अशा वातावरणात एका दूरच्या देशातील स्त्रिया आणि मुले वळिवड्याच्या माळावर येऊन राहिली, ही बाब लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

पोलिश निर्वासितांचे आगमन : कारणपरंपरा

सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने पोलंडवर आक्रमण करून तो देश वाटून घेतला. सोव्हिएत ताब्यातील पूर्व पोलंडमधून फेब्रुवारी १९४० पासून मोठ्या प्रमाणावर हद्दपारी सुरू झाली. जमीनधारक शेतकरी, वनरक्षक, शिक्षक, सैनिक व पोलीस यांची कुटुंबे मालगाड्यांत कोंडून सायबेरिया, कझाकस्तान आणि रशियाच्या उत्तरेकडील अरण्यप्रदेशात नेण्यात आली. जून १९४१ पर्यंत हद्दपारीच्या चार मोठ्या लाटा झाल्या. थंडी, उपासमार, रोगराई आणि सक्तीची मजुरी यांमुळे असंख्य माणसे दगावली.

जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केल्यानंतर परिस्थिती पालटली. ३० जुलै १९४१ रोजी लंडनस्थित पोलिश सरकार आणि सोव्हिएत सरकार यांच्यात करार झाला. हद्दपार पोलिश नागरिकांची मुक्तता करण्याचे व त्यांच्यातून सैन्य उभारण्याचे ठरले. जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखालील हे सैन्य १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्रमार्गे इराणमध्ये गेले. सैन्याबरोबर हजारो स्त्रिया, मुले व वृद्धही बाहेर पडले. पुरुष मंडळी मध्यपूर्वेत आणि पुढे इटलीच्या आघाडीवर रवाना झाली. मागे राहिलेल्या कुटुंबांना युद्ध संपेपर्यंत कोठे ठेवावयाचे, हा प्रश्न ब्रिटिश व पोलिश सरकारांपुढे उभा राहिला. पूर्व आफ्रिका, न्यूझीलंड, मेक्सिको आणि हिंदुस्थान या ठिकाणी त्यांची सोय करण्यात आली.

हिंदुस्थानात प्रथम अनाथ मुले आली. नवानगर संस्थानचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे १९४२ मध्ये त्यांच्यासाठी निवास उभारला. त्यानंतर इराणमधून आलेल्या कुटुंबांना कराचीतील तात्पुरत्या छावण्यांत ठेवण्यात आले. दीर्घकाळाच्या वास्तव्यासाठी मात्र मोठ्या वसाहतीची गरज होती. त्यासाठी कोल्हापूरजवळील वळिवड्याची निवड झाली आणि १९४३ च्या मध्यापासून निर्वासितांच्या तुकड्या येथे दाखल होऊ लागल्या. या कामी मुंबईतील पोलिश वकिलातीचे प्रमुख युगेनियुश बानासिन्स्की व त्यांच्या पत्नी किरा बानासिन्स्का, तसेच हिंदुस्थान सरकारच्या वतीने निर्वासितांचे काम पाहणारे कॅप्टन वेब यांचा मोठा वाटा होता. वसाहतीचा खर्च प्रारंभी लंडनस्थित पोलिश सरकारकडून होत असे.

वळिवड्याची पोलिश वसाहत

हिंदुस्थानातील पोलिश वसाहतींत वळिवड्याची वसाहत सर्वांत मोठी होती. बैठ्या, कौलारू बराकींच्या लांबच लांब रांगा आणि त्यांच्यामधून जाणारे सरळ रस्ते अशी तिची रचना होती. प्रत्येक बराकीत अनेक कुटुंबांसाठी स्वतंत्र भाग पाडलेले होते. एकत्रित भटारखान्याऐवजी कुटुंबांना दरमहा भत्ता दिला जाई व प्रत्येक घरची चूल स्वतंत्र असे. वरवर किरकोळ वाटणारी ही व्यवस्था फार महत्त्वाची होती. ज्यांनी दोन-तीन वर्षे मोजून मिळणाऱ्या पावाच्या तुकड्यावर काढली, त्यांना स्वतःच्या चुलीवर स्वतःच्या हाताने रांधता येणे म्हणजे माणूस म्हणून पुन्हा उभे राहणे होते. शिवाय या व्यवस्थेमुळे निर्वासितांचा स्थानिक बाजाराशी दररोज संबंध येऊ लागला. भाजी, दूध, अंडी, सरपण, कापड यांच्या विक्रीसाठी आसपासचे शेतकरी व व्यापारी वसाहतीत येत. खरेदी-विक्रीच्या निमित्ताने मराठी व पोलिश शब्दांची देवाणघेवाण होई.

वसाहतीत चर्च, रुग्णालय, अनाथालय, बालवाडी, प्राथमिक व माध्यमिक शाळा, ग्रंथालय आणि नाट्यगृह यांची सोय होती. स्त्रियांची व मुलांची संख्या फार मोठी आणि प्रौढ पुरुषांची संख्या अत्यल्प असल्यामुळे शिक्षिका, परिचारिका, दुकानदार, कार्यालयीन सेवक अशी बहुतेक सर्व कामे स्त्रियांनीच सांभाळली. शिक्षणावर विशेष भर होता. हद्दपारीत वाया गेलेली वर्षे भरून काढणे आणि परत गेल्यावर देशाच्या पुनर्बांधणीसाठी पिढी तयार करणे, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. स्काउट चळवळ, समूहगान, लोकनृत्य व राष्ट्रीय सण यांतून आपली भाषा आणि संस्कृती जपण्याचा प्रयत्न सातत्याने झाला. क्षयासारख्या विकारांनी ग्रस्त असलेल्यांना उपचारांसाठी पाचगणीच्या हवेत पाठविले जाई.

ही वसाहत भारतीय जीवनापासून पूर्णतः अलिप्त नव्हती. महात्मा गांधींच्या विचारांनी प्रभावित होऊन भारतात स्थायिक झालेल्या वांदा दिनोव्स्का ऊर्फ उमादेवी यांनी वसाहतीतील तरुणांना भारतीय तत्त्वज्ञान, साहित्य व लोकजीवन यांची ओळख करून देण्याचा प्रयत्न केला. १९४४ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या पोलिश-भारतीय ग्रंथमालेतून उभय संस्कृतींना जोडणारी पुस्तके प्रसिद्ध झाली. स्वतःच्या देशाच्या स्वातंत्र्याची वाट पाहणारी ही माणसे स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या समाजाच्या शेजारी राहत होती. मात्र त्यांची एक अडचण होती. ज्या ब्रिटिश सत्तेविरुद्ध भोवतालचा समाज लढत होता, त्याच सत्तेच्या आश्रयावर त्यांचे जीवन अवलंबून होते. या विसंगतीमुळे कोल्हापूरच्या जनतेने त्यांचा द्वेष केल्याचे मात्र त्यांच्या आठवणींतून दिसत नाही. त्यांत कोल्हापूरचा उल्लेख येतो तो प्रामुख्याने सुरक्षित बालपणाचे ठिकाण म्हणून.

वसाहतीचे विसर्जन

फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेत पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघाकडे राहील असे ठरले. वळिवड्यातील बहुसंख्य कुटुंबे याच भागातील होती. युद्धात त्यांचा पक्ष विजयी झाला, परंतु त्यांची गावे मात्र दुसऱ्या देशात गेली. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनस्थित पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वसाहतीचा राजकीय आधारच नाहीसा झाला. पुढे निर्वासितांची जबाबदारी आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांकडे गेली. १९४६ मध्ये बालाचडीचा निवास बंद झाला आणि तेथील मुलेही वळिवड्यास आणण्यात आली.

यानंतर प्रत्येक कुटुंबापुढे निवडीचा कठीण प्रसंग होता. काही जण बदललेल्या पोलंडमध्ये परतले. ब्रिटनने १९४७ मध्ये पोलिश पुनर्वसनाचा कायदा केल्यामुळे सैनिकांची कुटुंबे मोठ्या संख्येने तेथे गेली. इतरांनी ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका असे मार्ग धरले, तर काहींना पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत हलविण्यात आले. १९४८ मध्ये वळिवड्याची पोलिश वसाहत संपुष्टात आली. जे कोल्हापूरच्या मातीतच राहिले, त्यांच्या कबरी शहरातील ख्रिस्ती दफनभूमीत आहेत.

दुसरी वसाहत : गांधीनगर

पोलिश कुटुंबे निघून जात असतानाच उपखंडाच्या फाळणीने लाखो माणसांना बेघर केले. सिंध प्रांतातून आलेल्या हिंदू सिंधी कुटुंबांना मुंबई इलाख्यात ठिकठिकाणच्या रिकाम्या छावण्यांत आश्रय देण्यात आला. कल्याणजवळील लष्करी छावणीतून उल्हासनगर उभे राहिले, ते याच प्रक्रियेतून. वळिवड्याच्या बराकींतही सिंधी कुटुंबे आली आणि या वसाहतीस पुढे गांधीनगर हे नाव मिळाले.

येथे इतिहासाचा एक विलक्षण योग दिसून येतो. पोलिश निर्वासित वळिवड्यास येण्यापूर्वी कराचीत, म्हणजे सिंधच्या राजधानीत, तात्पुरते राहिले होते. त्यांना आश्रय देणाऱ्या त्याच प्रांतातील लोक पाच वर्षांच्या आत स्वतः निर्वासित झाले आणि पोलिश कुटुंबांनी मोकळ्या केलेल्या बराकींत येऊन राहिले. दोहोंच्या दुःखाचे मूळही सारखेच होते. दोन्ही समाजांची गावे जागच्या जागी राहिली, परंतु सीमारेषा सरकल्यामुळे ती परकी झाली.

दोन्ही वसाहतींत महत्त्वाचा फरकही आहे. पोलिश वसाहत ही प्रारंभापासून तात्पुरती होती. तेथील शाळा, सण, नाटके यांचे तोंड परतीच्या वाटेकडे होते. सिंधी कुटुंबांना परतीची वाट नव्हती. त्यामुळे त्यांनी याच जागी पाय रोवले. व्यापारातील अनुभव आणि अपार कष्ट यांच्या बळावर गांधीनगर ही कापडाची व इतर मालाची घाऊक बाजारपेठ म्हणून नावारूपाला आली. दक्षिण महाराष्ट्र, कोकण, गोवा आणि उत्तर कर्नाटकातील किरकोळ व्यापारी येथे खरेदीसाठी येऊ लागले. शेतीप्रधान खेड्याच्या शिवारालगत प्रादेशिक महत्त्वाची व्यापारपेठ उभी राहिली आणि वळिवडे परिसराचे अर्थकारणच बदलले. बाजारपेठेच्या वाढीबरोबर जुन्या बराकी पाडून पक्की घरे व दुकाने बांधली गेली. ज्यांना निवाऱ्याची निकड होती, त्यांनी त्या वास्तूंकडे स्मारक म्हणून पाहावे, अशी अपेक्षा करणे न्याय्य ठरणार नाही.

स्मृती व स्मारके

पोलंडमध्ये साम्यवादी राजवट असेपर्यंत सोव्हिएत हद्दपारीविषयी उघडपणे लिहिणे शक्य नव्हते. त्यामुळे वळिवड्याच्या आठवणी प्रामुख्याने लंडन व अन्यत्र स्थायिक झालेल्या माजी निर्वासितांनीच जतन केल्या. १९४२ ते १९४८ या काळात भारतात राहिलेल्या पोलिश नागरिकांनी आपली संघटना स्थापन करून आठवणी, छायाचित्रे व कागदपत्रे यांचे संकलन प्रसिद्ध केले. कोल्हापूर शहरात महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ उभारण्यात आला. सप्टेंबर २०१९ मध्ये, बालपणी येथे राहिलेल्या काही वृद्ध पोलिश व्यक्तींच्या आणि पोलंड सरकारच्या प्रतिनिधींच्या उपस्थितीत, वळिवडे येथे स्मारकाचे अनावरण झाले.

पोलंडची राजधानी वॉर्सा येथे २०१७ मध्ये उभारलेले कोल्हापूर स्मारक ही विशेष उल्लेखनीय बाब होय. ते मोंते कासिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ आहे. मे १९४४ मध्ये इटलीतील मोंते कासिनो येथे अँडर्स यांच्या सैन्याने पराक्रम गाजविला, तेव्हा त्यांतील अनेकांच्या बायका, मुले व माता वळिवड्यात त्यांच्या पत्रांची वाट पाहत होत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा भेटीत या स्मारकास अभिवादन केले. त्यानंतर हा विषय मराठी वृत्तपत्रांतून पुन्हा चर्चेत आला.

रूढ समजुतींची छाननी

विषय लोकप्रिय झाला की त्याचे सुलभीकरण होते. वळिवड्याच्या बाबतीत तीन समजुती तपासून पाहणे आवश्यक वाटते.

पहिली समजूत म्हणजे बालाचडी आणि वळिवडे यांची सरमिसळ. बालाचडी हा मुलांचा निवास होता आणि त्यामागे जामसाहेबांची वैयक्तिक प्रेरणा होती. वळिवडे ही संपूर्ण कुटुंबांची वसाहत होती आणि ती पोलिश व ब्रिटिश-हिंदी सरकारांच्या व्यवस्थेतून, करवीर संस्थानच्या भूमीवर उभी राहिली. दोन्हींचे मोल मोठे आहे, परंतु त्यांचे स्वरूप भिन्न आहे.

दुसरी समजूत अशी की, कोल्हापूरच्या महाराजांनी स्वतः निर्णय घेऊन निर्वासितांना आश्रय दिला. १९४३ मध्ये गादीवर असलेले शिवाजी महाराज हे लहान बालक होते, आणि १९४६ मध्ये बालवयातच त्यांचे निधन झाले. तेव्हा येथील आश्रयाचे श्रेय एका व्यक्तीच्या औदार्याला देण्यापेक्षा संस्थानच्या प्रशासनाला आणि विशेषतः परिसरातील सामान्य जनतेला देणे अधिक सयुक्तिक ठरते. यामुळे करवीर संस्थानच्या लौकिकास उणेपणा येत नाही. उलट, टंचाईच्या काळात पाच हजार परक्या माणसांना शेजारी म्हणून सामावून घेणारा समाज या इतिहासात केंद्रस्थानी येतो.

तिसरी समजूत म्हणजे वळिवड्याचा वारसा १९४८ मध्ये संपला. पोलिश काळावरील लेखनात सिंधी वसाहतीचा उल्लेख सहसा एका वाक्यात येतो. वस्तुतः त्याच जागेवर, त्याच छपरांखाली घडलेली ती पुढील कथा आहे. पोलिश पाहुण्यांसाठी स्मारके उभी राहिली, पण सिंधमधून आलेल्या पहिल्या पिढीच्या आठवणींचे पद्धतशीर संकलन ही तितकीच तातडीची गरज आहे. ती पिढी झपाट्याने मावळत आहे. मूळ वळिवडे गावातील ज्यांनी या दोन्ही वसाहती पाहिल्या, त्यांचीही संख्या आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, वळिवड्याचा वारसा केवळ वास्तुरूप नाही, तो मुख्यतः स्मृतिरूप आहे. बराकी बहुतांशी नाहीशा झाल्या असल्या तरी एका लहान खेड्याने दहा वर्षांच्या आत दोन विस्थापित समाजांना जागा दिली, ही घटना टिकून आहे. त्यांतील एक समाज येथून जगभर पांगला आणि कृतज्ञतेने परत येऊन स्मारके उभारून गेला. दुसरा येथेच रुजला आणि गावाचा भाग झाला.

या वारशाच्या जतनासाठी शिल्लक असलेल्या बराकींचे मोजमाप व छायाचित्रण, मूळ ग्रामस्थ व सिंधी कुटुंबे यांच्या मुलाखतींचे ध्वनिमुद्रण, कोल्हापूर पुराभिलेखागारातील संस्थानकालीन कागदपत्रांचा शोध आणि पोलिश साधनांचा मराठीत परिचय ही कामे हाती घेता येतील. परिसरातील महाविद्यालयांचे इतिहास विभाग व त्यांचे विद्यार्थी हे काम अल्प खर्चात करू शकतील. जागतिक इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा आपल्याच शिवारातून गेलेला आहे, याची जाणीव त्यातून नव्या पिढीला होईल. वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचा दगड उभा आहे. वळिवड्यात त्या नावामागील माणसांची हकीकत सांगू शकणारे अजून काही जण आहेत, तोवरच ती टिपून ठेवणे आवश्यक आहे.